मण्यांचं देणं

माझं पुण्यातलं शिक्षण द्राक्षाच्या मण्यांवर झालं. वसतिगृह, मेस, पुस्तकं, झेरॉक्स, सुटीत घरी यायचं एसटीचं तिकीट, सगळं निफाड तालुक्यातल्या आमच्या बागेतून येई, आणि बागेला भाव मिळे तो मण्याच्या मापावर. १६ मिलिमीटरच्या मण्याचा भाव वेगळा, १८च्या पुढे गेलेल्या मण्याचा वेगळा. थॉम्पसन सीडलेसचा वेल आपण होऊन एवढा मणी देत नाही. बी असलेल्या द्राक्षात वाढणारं बीच भोवतालच्या गराला वाढीची संप्रेरकं पुरवत असतं. थॉम्पसनमध्ये फलन होतं, बी धरायला लागतं, पण कोवळेपणीच खुंटतं, आणि मण्याचा तो पुरवठा आटतो. ही उणीव जिबरेलिक अ‍ॅसिड बाहेरून देऊन भरून काढता येते, हे १९५०च्या दशकाच्या अखेरीला कॅलिफोर्नियात डेव्हिस इथे रॉबर्ट वीव्हर यांनी दाखवलं. आमच्याकडे त्याला पूर्ण नावाने कुणी हाक मारत नाही. 'जीए' म्हणतात.

तेव्हा माझी फी कुणी भरली याचा माग काढत गेलं तर तो पेशीच्या भिंतीपाशी जाऊन पोचतो. भिंत सैल झाली, पेशी ताणली गेली, मणी फुगला, भाव आला, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझी मनीऑर्डर आली. हा माग मला काढता आला तो आबांमुळे, आमच्या बाईंमुळे आणि प्रयोगशाळेतल्या मामांमुळे. त्यांच्यामागे अशीही काही माणसं आहेत ज्यांना मी कधी भेटले नाही आणि भेटणारही नाही. त्या सगळ्यांचं देणं मला लिहून ठेवायचं आहे.

आबा, म्हणजे माझे वडील, जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेले. द्राक्ष बागाईतदार संघाच्या चर्चासत्राला ते वही घेऊन जात आणि पुढच्या रांगेत बसत. त्या वह्यांत सगळं असे: ऑक्टोबर छाटणीची तारीख, डोळे फुटले कधी, घड पोपटी दिसायला लागले कधी. पोपटी अवस्थेत १० पीपीएमची पहिली फवारणी, म्हणजे देठ लांबतो, घडाच्या पाकळ्या सुट्या होतात आणि मण्यांना जागा मिळते. मणी धरले की विरळणी. मणी ज्वारीएवढा झाला की पहिलं डिपिंग, हरभऱ्याएवढा झाला की दुसरं, ४० पीपीएमच्या आसपास. एका ग्रॅमच्या पुडीतली ती पांढरी भुकटी पाण्यात सरळ विरघळत नाही. आबा ती आधी थोड्या अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवत आणि मग २५ लिटर पाण्यात ओतत. एक ग्रॅम, पंचवीस लिटर. एवढ्याशा पुडीवर वर्षाचं उत्पन्न अवलंबून असे, त्यामुळे त्या दिवशी आबा कुणाशी बोलत नसत.

पाणी आधी आम्लधर्मी करून घ्यायचं, हा त्यांचा आणखी एक नियम. पीएचच्या कागदी पट्ट्या त्यांच्या खिशात असत. "पाणी खारं असलं तर जीए वाया जातं," एवढं ते सांगत. का, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

डिपिंग करायला सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतून टोळी येई. हातात मग, मगात द्रावण, आणि वेलाखाली वाकून एकेक घड त्यात बुडवायचा, किंचित हलवायचा, सोडायचा, पुढचा. फवारणी यंत्राने होते, डिपिंग हातानेच करावं लागतं, कारण द्रावण प्रत्येक मण्याला सगळीकडून लागलं पाहिजे. जिथे लागलं नाही तिथला मणी बारीक राहतो आणि घड वाकडातिकडा दिसतो. संध्याकाळी त्या बायकांच्या मनगटांपर्यंत द्रावण सुकलेलं असे. माझ्या वयाच्या मुली त्यांत होत्या. माझं शिक्षण ज्या हातांनी बुडवलेल्या घडांवर झालं ते हात शाळेतून लवकर सुटलेले होते. या देण्याचा हिशेब माझ्याकडून अजून पुरा झालेला नाही. आज मी शिकवते त्या वर्गात सुरगाण्याच्या आणि कळवणच्या मुली आहेत, त्यांच्यासाठी मी काय करते ते माझं कामच आहे, परतफेड नव्हे.

पुण्यात बाई आम्हाला वनस्पती शरीरक्रियाशास्त्र शिकवत. मी निफाडची म्हटल्यावर त्यांनी लगेच विचारलं, "द्राक्षवाले? मग जीए देत असाल."

"हो."

"त्याने काय होतं?"

"मणी मोठा होतो."

"म्हणजे नेमकं काय होतं?"

"पेशी वाढतात. थोड्या संख्येने, बऱ्याचशा आकाराने."

"आकाराने वाढते म्हणजे पेशी काय करते?"

"पाणी घेते."

"पाणी तर ती कालही घ्यायला तयार होती. मग काल का नाही घेतलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि बाईंनीही ते दिलं नाही. "विचार कर आणि शुक्रवारी ये," म्हणाल्या. पुढे मी जे काही शिकले ते या एका प्रश्नाच्या मागे लागून शिकले. बागेत वाढलेल्या मुलीला वाढ ही इतकी रोजची गोष्ट असते की तिच्यात विचारण्यासारखं काही उरलेलं दिसत नाही. बाईंनी ते दाखवलं. कुणाही शिक्षकाकडून मला याहून मोठं काही मिळालेलं नाही.

उत्तर थोडक्यात असं. वनस्पतीची पेशी कायम दाबाखाली असते. आत विरघळलेल्या क्षारांमुळे आणि साखरेमुळे पाणी आत यायला बघतं आणि बाहेरची भिंत त्याला अडवून धरते. मोटारीच्या टायरात हवा भरतात ती साधारण दोन वातावरणांच्या दाबाने. वाढत्या पेशीत हा दाब तीनापासून दहा वातावरणांपर्यंत असतो. इतका दाब झेलणारी भिंत एका केसाहूनही कितीतरी पट पातळ असते. तिच्यात सेल्युलोजचे तंतू असतात, त्यांना चिकटलेली हेमिसेल्युलोजची साखळ्यांसारखी लांब रेणूरचना, आणि या सगळ्याच्या भोवती पेक्टिन. पेशीला मोठं व्हायचं असेल तर दाब वाढवून भागत नाही. आधी भिंतीने ढिलं पडावं लागतं. ती ढिली पडली की आतला दाब किंचित उतरतो, दाब उतरला की बाहेरचं पाणी आत शिरतं, पाण्याने भिंत ताणली जाते, आणि दाब परत पहिल्यासारखा होतो. पाणी तेच, दाब जवळपास तोच. बदललेली असते ती भिंत. काल पाणी का घेतलं नाही, तर काल भिंत तयार नव्हती.

संप्रेरकाचं काम इथे आहे. ते पेशीला आतून रेटत नाही, भिंतीला ढिलं करायची व्यवस्था करतं.

बाई हा विषय इतिहासासकट शिकवत. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी कॅनरी गवताच्या कोवळ्या कोंबांच्या टोकांवर टोप्या घातल्या आणि १८८०च्या पुस्तकात नोंदवलं की उजेड टोकाला कळतो, पण वाकतो तो त्याच्या खालचा भाग. म्हणजे टोकाकडून खाली काहीतरी जातं. ते 'काहीतरी' उट्रेख्टमध्ये फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या कोंबांची टोकं अगारच्या तुकड्यांवर ठेवून त्यात उतरवून घेतलं. तो अगारचा तुकडा टोक छाटलेल्या कोंबाच्या एका बाजूला ठेवला की ती बाजू जास्त लांबायची आणि कोंब दुसरीकडे वाकायचा. किती वाकला यावरून किती उतरलं तेही मोजता यायचं. १९२८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. तेच पुढे ऑक्सिन म्हणून ओळखलं गेलं. बाई हे सांगताना फळ्यावर कोंब काढत, आणि वाकलेला कोंब काढताना त्यांचा हात स्वतःही त्याच बाजूला कलत असे.

पण ऑक्सिनने भिंत सैल कशी होते हे वेंटना माहीत नव्हतं. त्याला आणखी चाळीस वर्षं लागली. १९७०च्या सुमाराला अमेरिकेत डेव्हिड रेल आणि रॉबर्ट क्लीलँड यांनी, आणि जर्मनीत आखिम हागर यांनी, एकच गोष्ट वेगवेगळ्या वाटांनी पुढे आणली. ऑक्सिन मिळालं की पेशीच्या पटलावरचे पंप हायड्रोजनचे आयन बाहेर, भिंतीत, सोडायला लागतात. भिंतीचा पीएच साडेपाचच्या आसपास असतो तो साडेचारपर्यंत उतरतो. ऐकायला एकाचाच फरक, पण आम्लता त्यात दहापट होते. आणि आम्लतेत भिंत सैल पडते. यालाच आम्लवाढीचा सिद्धांत म्हणतात. ऑक्सिन दिल्यावर वाढ सुरू व्हायला सुमारे दहा मिनिटं लागतात. ऑक्सिन न देता नुसतं आम्ल दिलं तर त्याहून पुष्कळ लवकर. मधली पायरी वगळल्याचा हा पुरावा.

इथपर्यंत पुस्तकात होतं. पुढचं पुस्तकात यायचं होतं. १९९२ साली पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले सायमन मॅक्वीन-मेसन, डॅनियल दुराच्को आणि डॅनियल कॉसग्रोव्ह यांनी काकडीच्या रोपांवर केलेल्या कामाचा निबंध छापला. बाईंच्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्याची झेरॉक्स अमेरिकेतून टपालाने पाठवली होती. ती हातोहात फिरून तिच्या घड्या फाटल्या तेव्हा मामांनी त्यांना सेलोटेप लावली. बाई म्हणाल्या, "हे आपण करून बघायचं. काकडी आपल्याकडेही आहे."

मामा म्हणजे प्रयोगशाळेतले परिचर. पदाला जो पगार असेल तो असेल, त्या खोलीत त्यांच्याशिवाय काहीच उगवत नसे. काकडीची रोपं अंधारात वाढवावी लागतात. अंधारात ती उजेडाच्या शोधात लांब, पांढरी, लुसलुशीत होतात आणि त्यांचा दांडा वेगाने वाढत असतो. चार दिवस त्या खोलीत उजेडाचा कवडसा शिरता कामा नये. मामांनी दाराच्या फटींना काळं कापड ठोकलं, दिव्यावर हिरव्या जिलेटिन कागदाचे थर गुंडाळले, कारण मंद हिरव्या उजेडाचा रोपांवर फारसा परिणाम होत नाही, आणि तो दिवाही ते क्वचितच लावत. ट्रेमधलं व्हर्मिक्युलाइट ओलं आहे की सुकलंय हे ते बोटाने बघत. रोप किती वाढलं हेही ते अंधारात बोटांनीच सांगत, आणि मोजलं तर त्यांचा अंदाज बरोबर निघे. सुटीच्या दिवशी ते सायकलवरून येऊन पाणी घालून जात. कुणी सांगितलेलं नसे. शोधनिबंधांच्या शेवटी ज्यांचे आभार मानतात त्या यादीत आमच्याकडे त्यांचं नाव आलं नाही, कारण आमचा तो प्रयोग छापण्यासारखा नवा नव्हताच. म्हणून तरी ते इथे यायला हवं होतं. पण नाव छापलेलं त्यांना आवडलं नसतं, म्हणून मामा एवढंच लिहिते.

प्रयोग असा. काकडीच्या रोपाचा बीजपत्रांच्या लगेच खालचा भाग कापायचा, जिथे वाढ सर्वांत जोरात चालू असते. वरचा मेणचट थर कार्बोरंडमच्या भुकटीने हलकेच घासायचा, म्हणजे बाहेरचं द्रावण आत पोचेल. मग तो तुकडा गोठवायचा, परत वितळवायचा आणि काचेच्या दोन पट्ट्यांत दाबून रस काढून टाकायचा. आता तो तुकडा मेलेला आहे. पटलं फुटली, पंप गेले, दाब गेला. उरल्या नुसत्या भिंती. हा तुकडा दोन चिमट्यांत धरायचा, एक चिमटा पक्का, दुसऱ्याला दोरा बांधून तो पुलीवरून खाली सोडायचा आणि त्याला वीस ग्रॅमचं वजन लावायचं. पेशीतल्या पाण्याचा दाब जे करत होता ते आता हे पितळी वजन करणार. मामांनी चिमट्यांना आतून सँडपेपर चिकटवला, तेव्हा कुठे तुकडे निसटायचे थांबले. लांबी मोजायला पदार्थविज्ञान विभागातून ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप मागून आणला.

आधी तुकड्याला साधं, उदासीन द्रावण दिलं. वजनाने तो जरासा ताणला आणि थांबला. मग ते काढून पीएच साडेचारचं द्रावण भरलं. मी डोळा लावून बसले होते. काही मिनिटांतच आडव्या तारेवरून तुकड्यावरची खूण सरकायला लागली. ती सरकतच राहिली, तास गेला, दुसरा गेला, तरी थांबेना. मेलेला तुकडा, गोठवून वितळवलेला, लांबत होता. त्यात इच्छा नव्हती, ऊर्जा नव्हती, जीव नव्हता. होती फक्त भिंत, आम्ल आणि वजन. आयुष्यात मी बरंच काही भिंगातून पाहिलं आहे, पण त्या सरकत्या खुणेने मला जितकं हलवलं तितकं दुसऱ्या कशानेही नाही. बाईही बराच वेळ बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "आता दुसरा घे आणि उकळत्या पाण्यात बुडव."

उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवलेला तुकडा आम्लातही जागचा हलला नाही. भिंत तीच, आम्ल तेच, वजन तेच. उकळल्याने जे नष्ट झालं ते काहीतरी प्रथिन असणार. नुसत्या आम्लाने भिंतीचे दुवे विरघळत असते तर उकळल्याने फरक पडला नसता. मग दांड्याच्या खालच्या, वाढ थांबलेल्या भागाचा तुकडा लावला. तो न उकळताही लांबला नाही. ज्या भिंतीचं वाढायचं वय उलटलं तिला आम्ल मिळूनही उपयोग नसतो.

१९९२च्या निबंधाचं मर्म याच्या पुढच्या पायरीत आहे. त्यांनी वाढत्या भागाच्या भिंतींतून प्रथिनं काढली, ती उकळलेल्या तुकड्याला दिली, आणि तो परत लांबायला लागला. शुद्ध करत गेल्यावर दोन प्रथिनं हाती आली. त्यांना पुढे एक्स्पान्सिन हे नाव मिळालं. भिंतीच्या तंतूंना ती कापत नाहीत. सगळ्यांची अपेक्षा होती की साखरेच्या साखळ्या तोडणारं एखादं विकर सापडेल, पण एक्स्पान्सिन साखळ्या तोडताना आढळलं नाही. लागोपाठच्या कामात मॅक्वीन-मेसन आणि कॉसग्रोव्ह यांनी ते साध्या कागदाला लावून पाहिलं, कारण कागदही सेल्युलोजचाच आणि त्याचे तंतू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. कागद कमकुवत झाला. म्हणजे तंतू तुटत नाहीत, त्यांची एकमेकांवरची पकड सुटते, ते सरकतात आणि नव्या जागी परत पकडतात. भिंत फाटत नाही आणि तरी लांबते. जिवंत पेशीला हेच हवं असतं, कारण दहा वातावरणांच्या दाबाखाली भिंत खरोखर तुटली तर पेशी फुटेल.

आम्हालाही प्रथिन परत घालून पाहायचं होतं. आमच्याकडे शुद्ध करायची साधनं नव्हती. मिठाच्या तीव्र द्रावणात भिंती धुऊन जे उतरलं ते अमोनियम सल्फेटने साकळवून, तसंच कच्चं, उकळलेल्या तुकड्याला दिलं. तो लांबला. थोडासाच, पण लांबला. मामांनी त्या दिवशी सगळ्यांसाठी वडापाव आणला.

मला वाटलं, आता जीएचंही कळलं. मी बाईंना म्हटलं, म्हणजे आबा घड बुडवतात तेव्हा मण्याच्या भिंतीत आम्ल सुटतं. बाई म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं जिबरेलिनही त्याच वाटेने जातं?" आणि त्यांनी वेगळी वाट दाखवली. जिबरेलिनने भिंत सैल होते हे खरं, पण बहुतेक ठिकाणी त्याआधी भिंत आम्लधर्मी झालेली आढळत नाही. त्याचं काम सावकाश चालतं. पुढच्या वर्षांत ते आणखी उलगडलं: पेशीत डेला नावाची प्रथिनं वाढीला ब्रेक लावून बसलेली असतात, जिबरेलिन आलं की त्यांची विल्हेवाट लागते, आणि मग भिंतीवर काम करणारी प्रथिनं, एक्स्पान्सिनसुद्धा, जास्त प्रमाणात तयार होतात. दोन संप्रेरकं, दोन दारं, शेवटी भिंत एकच.

जिबरेलिनचा जन्मही बाईंनीच सांगितला. भाताला एक रोग पडतो, त्यात रोपं पिवळट, बारीक आणि बेसुमार उंच होतात आणि आडवी पडतात. १९२६ साली तैवानात काम करणाऱ्या एइची कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने त्या रोगाची बुरशी ज्या द्रवात वाढवली तो द्रव, बुरशी गाळून टाकून, निरोगी रोपांना दिला. तीही उंच झाली. १९३०च्या दशकात तेइजिरो याबुता यांनी तो पदार्थ वेगळा केला आणि त्याला नाव दिलं. आजही जीए बनतं ते मोठमोठ्या टाक्यांत ती बुरशी वाढवूनच. भाताच्या शेतकऱ्याचं ज्याने नुकसान केलं त्यानेच द्राक्षाच्या शेतकऱ्याची मुलगी शिकवली. हे कळल्यापासून मी भाताच्या रोगट रोपाकडे निराळ्या नजरेने पाहते.

आणि आबांच्या पीएचच्या पट्ट्या. त्याचं उत्तर मला बाईंकडून मिळालं आणि ते घेऊन मी दिवाळीत घरी गेले. जिबरेलिक अ‍ॅसिड हे सौम्य आम्ल आहे. पाणी अल्कधर्मी असलं की त्याचे रेणू विद्युतभारित होतात आणि भारित रेणूला मण्यावरच्या मेणाच्या थरातून सहजी आत जाता येत नाही. पाणी पुरेसं आम्लधर्मी असलं की बरेचसे रेणू भाररहित राहतात आणि आत शिरतात. आबा ओट्यावर बसून ऐकत होते. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग पीएच किती ठेवायचा?" मी म्हटलं, चारच्या आसपास निम्मे रेणू भारित, निम्मे भाररहित असतात. त्यांनी वही उघडली, तो आकडा लिहिला आणि म्हणाले, "फार खाली नेला तर मण्यावर डाग पडतील. सहाच्या खाली आहे तेवढं बरं." मी आणलेलं कारण त्यांनी स्वीकारलं आणि मण्याच्या सालीची काळजी आपल्याकडे ठेवली.

त्याच बैठकीत त्यांनी मला दुसरं काही शिकवलं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आम्ही सीसीसी फवारत असू. मी विचारलं, ते कशासाठी? आबा म्हणाले, "तेव्हा वेल पळायला नको. पळाला तर डोळ्यात घड बनत नाही, बाळी बनते." सीसीसी वेलातलं जिबरेलिन तयार व्हायला अडथळा करतं. उन्हाळ्यात डोळ्यांत पुढच्या हंगामाच्या घडांची सुरुवात होत असते, आणि तेव्हा जिबरेलिन जास्त असलं तर तोच अंकुर घडाऐवजी बाळीकडे, म्हणजे आधार धरणाऱ्या तणाव्याकडे, वळतो. एकच शेतकरी एकाच वेलावर एप्रिलनंतर जिबरेलिन थोपवतो आणि थंडीत तेच विकत आणून पाजतो. हा तोल आबांनी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचला नव्हता. माझ्या पाठ्यपुस्तकातही तो नव्हता. पुढे मी शिकवायला लागल्यावर जिबरेलिनचा तास या उदाहरणाने सुरू करत आले.

लोक मला विचारतात, हार्मोन मारलेली द्राक्षं खावीत का. मी सांगते की जिबरेलिन प्रत्येक वनस्पतीत असतं, भातात, पालकात, बी असलेल्या द्राक्षातही. काळजी करायची तर बुरशीनाशकांची आणि कीटकनाशकांची करा, काढणीआधीचे दिवस पाळले गेलेत का ते बघा. या प्रश्नाला मी नेहमी सविस्तर उत्तर देते, कारण ज्या पदार्थावर माझं शिक्षण झालं त्याबद्दल अर्धवट बोलणं मला जमत नाही.

बाई निवृत्त झाल्या, मामा त्यांच्याआधीच. मामांच्या शेवटच्या आजारात मी त्यांना भेटले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "काकडी अजून लावता का?" लावतो म्हटल्यावर कुठल्या कंपनीचं बी, ट्रेमध्ये काय घालता, हे सगळं विचारून घेतलं.

२०२१च्या नोव्हेंबरात 'नेचर'मध्ये दोन निबंध एकत्र आले. आम्लवाढीच्या सिद्धांतातला एक दुवा पन्नास वर्षं पुरता उलगडला नव्हता: ऑक्सिनचा निरोप पंपापर्यंत पोचतो कसा. त्यात दिसलं की पेशीच्या पटलावर टीएमके नावाची प्रथिनं असतात, ऑक्सिन आलं की ती पंपाला जाऊन भिडतात, त्याला फॉस्फेटचा गट जोडतात आणि पंप चालू होतो. मी त्याच संध्याकाळी बाईंना फोन केला. त्यांना कमी ऐकू येत होतं, म्हणून प्रत्येक वाक्य दोनदा सांगत होते. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "मुळांचं काय?"

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. दुसरा निबंध मुळांवरच होता. ऑक्सिन दांड्याला वाढवतं आणि मुळाला रोखतं, हे आम्ही वर्गात शिकलो होतो, आणि आम्लवाढीच्या सिद्धांताची ती कायमची अडचण होती. आता दिसत होतं की मुळात दोन यंत्रणा एकमेकींविरुद्ध चालतात: पटलावरची टीएमके आम्ल बाहेर सोडायला लावते, तर पेशीच्या आतले ऑक्सिनचे ग्राहक आयन उलट आत खेचून भिंतीची आम्लता कमी करतात, आणि दुसरीचा जोर पडला की मूळ थबकतं. बाईंनी निबंध पाहिलेला नसताना तो ज्या प्रश्नासाठी लिहिला गेला तो प्रश्न विचारला होता.

"मोठ्या अक्षरात छापून पाठव," म्हणाल्या. मी पाठवला. काही आठवड्यांनी तो परत आला, समासात पेन्सिलने प्रश्नचिन्हं. शेवटच्या पानावर त्यांनी लिहिलं होतं: द्राक्षाच्या मण्याची वाढ सालीच्या भिंतींवर अडते असं मानतात, मग डिपिंगच्या आधी आणि नंतर सालीची पट्टी काढून ती लांबते का, हे आपण का पाहिलं नाही?

आता ते पाहायला घेतलं आहे. हरभऱ्याएवढ्या मण्याची साल काकडीच्या दांड्यासारखी चिवट नसते, चिमट्यात धरली की कडेला फाटते, म्हणून विद्यार्थी पट्टीच्या दोन्ही टोकांना पातळ कापड चिकटवून मग ती चिमट्यात धरतात आणि वजन वीसऐवजी पाच ग्रॅमपासून सुरू करतात. डिपिंग झालेल्या आणि न झालेल्या घडांवर वेगळ्या रंगाचे दोरे बांधले आहेत. पट्ट्या मोजायचं काम या हंगामात चालू आहे. निकाल आले की आधी बाईंना मोठ्या अक्षरात जातील.